कादंबरीचा अर्थ सांगणारे काका

मला पुस्तक मनातल्या मनात वाचता येत नाही. पात्र रडलं की मी रडते, सासू खेकसली की मी खेकसते, घोडा आला तर टाचा आपटते. पुण्यातल्या सोसायटीत यावरून दोनदा तक्रार झाली होती. नोकरी सोडून डोंगराकडच्या रिहे गावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या, तेव्हा घरमालकांना हे सांगायचं राहून गेलं. सोयीस्करपणे राहिलं म्हणा.

घरमालक म्हणजे काका आणि काकू, दोघंही सत्तरीपुढचे. भाताची चार खाचरं आणि एक गाय. मुलं हिंजवडीकडे स्थिरावलेली. काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि शहरातल्या दवाखान्याने ऑपरेशनची तारीखही दिली होती. काका बोलायचे नाहीत. मुके नव्हते, पण दिवसाला दहा-बारा शब्द खर्चायचे आणि त्यातले निम्मे गायीला.

लावणी उरकून श्रावण लागला होता. दुपारी ढग डोंगर उतरून खाचरांत येऊन बसायचे, मग समोरचं घर, बांध, विजेचा खांब, सगळं एकेक करून नाहीसं व्हायचं. अशाच एका दुपारी मी पडवीत एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी वाचत होते. कुठल्याशा जुन्या दुष्काळातलं शेतकरी कुटुंब, तीन भाऊ, आटलेली विहीर आणि देवीवर भार टाकून दिवस काढणारी थोरली सून. काकू गोठ्याच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या, हे मला धुक्यात दिसलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पडवी सारवलेली. मधोमध पाट, पाटावर तांबडं फडकं, शेजारी समई. काकूंनी चाचपडत माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि बरोबर वाचनालयाच्या शिक्क्यावर हळदकुंकू वाहिलं. मी म्हटलं, काकू, ही पोथी नाही, कादंबरी आहे.

"देवीचं नाव हाय का न्हाई त्यात?"

होतं.

"दुख हाय?"

ते तर पानोपानी होतं.

"मग निराळं काय ऱ्हायलं? चपला तिकडं काढा आन बसा."

पण पोथी एकट्याने होत नाही. एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने अर्थ सांगायचा, ही तिथली रीत. गावातल्या श्रावणातल्या पोथीला एकेकाळी काकाच अर्थ सांगायचे, असं काकूंकडून कळलं. वाचणारा गाव सोडून गेला, पोथी बंद पडली आणि काकांचं बोलणंही तिच्याबरोबर फडक्यात बांधलं गेलं. काकूंनी त्यांना हाक मारली. काका आले, टोपी सारखी केली आणि मांडी घालून माझ्याकडे पाहू लागले. मी पेचात. कादंबरी आपल्याच साध्या मराठीत. तिचा अर्थ काय सांगणार?

मी वाचलं, "थोरलीने रिकामी घागर विहिरीच्या काठावर ठेवली आणि ती खाली बसली."

काकांनी डोळे मिटले. "म्हंजे," ते म्हणाले, आणि पुढची वीस मिनिटं थांबले नाहीत. घागर माहेरची होती. पोटाला पोचा होता, तो लग्नाच्या वरातीत बैलगाडीतून पडल्याचा. भरलेली घागर कमरेवर बसते, पण रिकामी मनगटाला ओढते, हे त्यांनी इतकं हळू सांगितलं की माझं मनगट दुखायला लागलं. काठावर बसलेल्या बाईला खालच्या चिखलात आभाळाचा एवढासा तुकडा दिसत होता, हेही सांगितलं. यातलं काहीही छापलेलं नव्हतं.

मग रोज तेच. मी एक वाक्य टाकायचे आणि काका त्यात शिरून दिसेनासे व्हायचे. बाहेर पाणी भरलेली खाचरं, आत कोरडी विहीर. कधीकधी मला वाटायचं, त्या दुष्काळातली माणसं बांधावरून चालत येऊन धुक्यात आमच्या मागे बसली आहेत, आणि आपलं पुढे काय झालं ते ऐकताहेत. काकू पांढुरक्या डोळ्यांनी काकांच्या आवाजाकडे बघत बसायच्या.

तारीख आठवड्यावर आली तेव्हा काकूंनी सांगून टाकलं, पोथी अर्धी टाकून दवाखान्यात जायचं नाही. मी पानं मोजली. या वेगाने समाप्तीला दोन वर्षं लागली असती.

काकांनी मला गोठ्याशी गाठलं आणि पुस्तकात डोळ्यांचं काहीतरी येऊ द्या, अशी गळ घातली. मी म्हटलं, छापलेल्यात मला घालता येणार नाही, पण अर्थ सांगताना तुम्हाला कोण अडवतंय? अशा पापांत मी नेहमी आनंदाने भागीदार होते.

दुसऱ्या दिवशी मी देवीच्या जत्रेचं पान वाचलं. काकांच्या अर्थात त्या जत्रेत एक डॉक्टर आला. त्याने म्हातारीच्या डोळ्यावरचा पडदा दहा मिनिटांत काढला आणि तिला जीपमधून घरी सोडलं.

"दुष्काळात जीप?" काकू म्हणाल्या.

काका क्षणभर अडले. "बैलाची."

मी पुस्तकात तोंड खुपसलं. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी काकांना गवत आणायला पिटाळलं आणि माझ्याजवळ सरकल्या.

"बाई, पन्नास वर्सं ह्या माणसानं मला 'पाणी दे' आन 'येतो', एवढंच सांगितलं. आता रोज बोलतोया. मला दिसत न्हाई म्हणून बोलतोया. डोळं आलं की सांगायचं काय ऱ्हातंय?"

त्यांची भीती ना देवीची होती ना सुईची. हे गुपित माझ्या पोटात तासभरही टिकलं नाही. गवताचा भारा उतरायच्या आत मी ते काकांना सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी वाचलं, "थोरली उठली." समईची वात चरचरली.

"म्हंजे," ते खाली बघत म्हणाले, "ती उठली. तर तो म्हणला, तू जाऊन ये. पुढचं मी दुसऱ्या कुनालाच सांगत न्हाई."

"असं लिवलंय का, बाई?"

मी पान पाहिलं. धाकट्या भावाने बैल विकला, असं तिथे होतं. "असंच लिहिलंय," मी म्हटलं.

काकू गेल्या. एकेक डोळा करून दोन्हींचं ऑपरेशन झालं आणि भादवा सरता सरता काळा चष्माही उतरला. त्या दुपारी पाट पुन्हा मांडला. काकूंनी पहिल्यांदाच पुस्तक नीट पाहिलं, मग मला, मग काकांना. काकांना जरा जास्तच वेळ.

मी वाक्य वाचलं. काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. टोपी काढली, घातली. बायकोचे ते धुतल्यासारखे डोळे थेट त्यांच्या तोंडावर, आणि माणसाला शब्द सापडेना. मी तेच वाक्य पुन्हा वाचलं. काकांनी बांधाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, अगदी केविलवाणं. मला वाटलं, संपलं.

काकूंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, पार हनुवटीपर्यंत, आणि पदराआड शांत बसून राहिल्या.

काकांनी घसा साफ केला आणि तिघं भाऊ रानाकडे निघाले.