दानियल सरांची लाल पट्टी

"आता हे जरा वेगळं करू या," असं कुणी म्हटलं की दानियल सर मान वर न करता विचारायचे, "कशातलं?" समोरचा गोंधळायचा. मग सर चष्मा कपाळावर चढवून सांगायचे, "वेगळं म्हणजे कशातलं वेगळं? कुठल्या कामातलं? काम सांगा, मग बदल सांगा." चहात साखर कमी टाक म्हणून ऑफिसच्या पोऱ्याला सांगितलं, तरी हा प्रश्न यायचा. पहिले काही दिवस मला वाटलं, हा माणूस चिडका आहे. नंतर कळलं, त्यांना खरोखरच उत्तर हवं असतं.

आमची कंपनी नंदुरबारची. नवापूर तालुक्यातल्या डोंगरपाड्यांना नळाचं पाणी न्यायचं कंत्राट आमच्याकडे होतं. टाक्या बांधायच्या, चर खोदायचे, पाइप टाकायचे. मी हिशेब बघतो. ऑफिस मिरची वाळवायच्या पथाऱ्यांना लागून, त्यामुळे हंगामात अर्धं ऑफिस शिंकत असतं. अशाच शिंकांमध्ये सर पहिल्या दिवशी आले, नियोजन प्रमुख म्हणून. सीमेवरच्या डोंगरातलं ख्रिस्ती शेतकरी कुटुंब, घरी आदिवासी कोकणी बोली, शिक्षण नंदुरबारच्या वसतिगृहात राहून. त्यामुळे अहिराणी आमच्यापेक्षा झणझणीत. पण ती थट्टेपुरती. काम निघालं की शाळेतलं स्वच्छ मराठी.

त्यांच्या आधी आमच्याकडे बदल व्हॉट्सअ‍ॅपवर राहायचे. गावकरी म्हणायचे, टाकीची शिडी शाळेच्या बाजूने नको, पोरं चढतील. इंजिनिअर ग्रुपवर लिहायचा, मालक शेठ अंगठा टाकायचे, आणि शिडी शाळेच्याच बाजूने उभी राहायची. कारण वेल्डर त्या ग्रुपवर नसायचा.

सरांनी कामांचं सॉफ्टवेअर आणलं. त्यात प्रत्येक कामाचं एक टास्क. ते काम करणाऱ्याच्या मोबाईलवर फक्त त्याचंच टास्क दिसणार. काही बदलायचं असेल तर आधी चेंज रिक्वेस्ट, म्हणजे बदलाची विनंती, टाकायची. इंजिनिअर, सर, मी आणि शेठ असे चौघे ती मंजूर करणार. माझ्याकडे रकाना खर्चाचा, बदलामुळे खर्च किती वाढेल किंवा घटेल तो. पण मंजुरीने काम संपत नसे. मंजूर झालेला चेंज नेमक्या टास्कला लिंक करावा लागे. तो जोडला की काम करणाऱ्याच्या मोबाईलवर लाल पट्टी यायची: थांबा, इथे बदल आहे. जोडला नाही, तर चौघांच्या मंजुऱ्या घेऊन तो नुसता पडून राहायचा. ही जोडणी सरांनी स्वतःकडे ठेवली होती. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

"चेंजले घर पाहिजे, भाऊ," ते मला म्हणायचे. "नहीते बिचारा रस्तावर उभा ऱ्हाई, आन येणारा जाणारा त्याले मंजूर, मंजूर म्हनी."

हे मला पटलं ते माझ्या घराच्या बांधकामात. आमच्या हिने स्वयंपाकघरातलं सिंक खिडकीखाली हवं म्हणून सांगितलं. मी हो म्हटलं, गवंड्याने ओटा खिडकीकडे सरकवला. प्लंबरने मात्र नळ जुन्याच भिंतीत काढला. मी संतापून ऑफिसात हे सांगितलं, तर सर पोट धरून हसले. "वहिनीना चेंज गवंडीले लिंक व्हई गया, प्लंबरले नही! आते भांडी खिडकीजवळ घासा आन पानी समोरतून आना." पुढे कितीतरी दिवस भेटले की पहिला प्रश्न, "भाऊ, सिंक काय म्हनस?"

साइटवरची माणसं त्यांची टर उडवत. त्यात सगळ्यात पुढे इलियास. नंदुरबारचाच, पोकलेन चालवण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात नाही. तो मुद्दाम दारातून ओरडायचा, "सर, बीवी बोली भिंडी बनाऊँगी, डब्बे में निकला बैंगन. इसका चेंज किधर आया?"

"सासूना टास्कले जोडेल शे," सर म्हणायचे. "तू सासरनं अ‍ॅप उघाडसच नही."

पण हाच इलियास खोदायला सुरुवात करण्याआधी मशीन बंद करून मोबाईल बघायचा. लाल पट्टी नसेल तरच बकेट टेकवायचा. सरांनी त्याला ते शिकवलं नव्हतं, दरडावलंही नव्हतं. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "सर की पट्टी झूठ नहीं बोलती."

फाल्गुनात निंबीपाड्याचे लोक इंजिनिअरकडे आले. पाड्याला पाण्याचा एकच आधार, एक झिरा. खडकाच्या कपारीतून पाणी झिरपतं, खाली दगडाची कुंडी, बाया वाटीने हंडा भरतात. उन्हाळ्यातही आटत नाही. आमची पाइपलाइन त्या खडकाला चिकटून जाणार होती. पाड्याच्या कारभाऱ्याचं म्हणणं एवढंच, की लाइन लांबून न्या, खडकाला धक्का नको. इंजिनिअरने चेंज टाकला: निंबीपाड्याचा झिरा वाचवण्यासाठी लाइन वळवणे. पाइप थोडे जास्त लागणार होते, तो आकडा मी दोनदा तपासून टाकला. शेठनेही कुरकुर न करता मंजूर केलं. सरांनी जोडलं.

आणि एका दुपारी सर डब्यातली भाकरी मोडत असताना फोन आला. स्पीकर चालू होता, म्हणून इंजिनिअरचं वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "सर, झिरा गेला."

सरांनी विचारलं, "कशातलं?" सवयीने. मग त्यांना वाक्य कळलं. भाकरीचा तुकडा त्यांनी परत डब्यात ठेवला.

जीपमध्ये मीही बसलो, कारण नुकसानीचा अंदाज घ्यावा लागणार होता. विसरवाडीच्या फाट्यावर ट्रकांच्या रांगेत अडकलो तेव्हा सर एकदाच म्हणाले, "इलियास पट्टी बघितल्याशिवाय खोदत नाही." मी म्हटलं, "एखाद वेळी राहिलं असेल." त्यांनी मान नकारार्थी हलवली.

तिथे भांडण चाललेलं असेल अशी माझी समजूत होती. दगड, शिव्या, काहीतरी. तसं काहीच नव्हतं, आणि तेच अंगावर आलं. बाया कुंडीभोवती उभ्या होत्या. कुंडीचा तळ ओला होता, कपार कोरडी. शेजारी सरळ, स्वच्छ चर. इलियासचं काम नेहमी असतं तसंच. पोकलेनला लावलेल्या, खडक फोडायच्या ब्रेकरच्या हादऱ्याने आतला खडक तडकला होता आणि पाणी कुठेतरी खाली वळलं होतं. काढून घेतलेली पोकलेनची किल्ली कारभाऱ्याच्या हातात होती. इलियास सावलीत बसला होता, आणि त्याच्या हातात पाण्याचा तांब्या होता. पाड्यातल्या कुणीतरी, सकाळी भरलेल्या हंड्यातून, त्याला प्यायला दिला होता. तो पीत नव्हता.

एक म्हातारी सरांशी त्यांच्या बोलीत बोलली. सरांनी मला मराठीत सांगितलं, "ती विचारते, आम्ही सांगितलं होतं ना?" आणि मग, "ती म्हणते, तुम्ही हो म्हणाला होतात."

इलियास उठून आला. "सर, मेरे मोबाईल में सीधी लाइन है. पट्टी नहीं थी. खुदा कसम, मशीन से उतरके फिर देखा मैंने." त्याने मोबाईल पुढे केला. टास्क उमरपाडा, चर खोदकाम. लाल पट्टी नाही.

सरांनी तो मोबाईल बघितला, मग स्वतःचा काढला. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. चेंज होता, चार मंजुऱ्या होत्या, आणि तो जोडलेला होता निंबीपाड्याच्या टास्कला. तिथल्या टाकीवरच्या मुकादमाच्या मोबाईलवर लाल पट्टी आली होती. त्याची टाकी झिऱ्यापासून दूर वरच्या टेकाडावर, म्हणून त्याने 'पाहिलं' असं नोंदवून आपलं काम चालू ठेवलं होतं.

झिरा शेजारच्या उमरपाड्याच्या हद्दीत होता. पाणी निंबीपाडा पितो, म्हणून नाव निंबीपाड्याचं. या डोंगरात अशीच रीत आहे. झिऱ्याला जमिनीच्या मालकाचं नाव देत नाहीत, पिणाऱ्यांचं देतात. दुसरा कुणी परका नियोजन प्रमुख असता, तर त्याने नकाशा उघडला असता, कारण त्याला काहीच ठाऊक नसतं. सरांनी उघडला नाही. त्यांना निंबीपाड्याचा झिरा ठाऊक होता. ते त्याच डोंगरातले.

"मी जोडलं," सर म्हणाले. आधी मला, मग इलियासला, मग त्यांच्या बोलीत त्या म्हातारीला. कारभाऱ्याने किल्ली इलियासच्या हातात ठेवली. ते बघून मला एवढा धक्का बसला, की नुकसानीचा अंदाज घ्यायला आलो आहे हे मी विसरलो.

परत येईपर्यंत शेठपर्यंत बातमी पोचली होती. सरकारी पाहणी दुसऱ्या दिवशी येणार होती. शेठने आम्हा दोघांना आत बोलावलं, दार लावलं आणि अगदी साध्या आवाजात, जणू पंखा कमी कर म्हणावं तसं, म्हणाले, "दानियल, एक बोट लावनं शे. लिंक उमरपाडावर टाकी दे."

शेठ खुर्ची पुढे ओढून बोलत राहिले.

"सकाय सरकारी मानसं येतीन. मोबाईलवर पट्टी दिसी, म्हंजे पट्टी व्हती. ड्रायव्हरनी पाही नही. इलियासले घर बसाडू, तुले काहीच व्हवाव नही. इतली वरीसनी तुन्ही शिस्त, तिले डाग कसाले?"

मी शेठचं मीठ खातो. ते वाईट मनुष्य नाहीत. माझ्या मुलीच्या लग्नात स्वतः पंक्तीत वाढत होते. आणि तेच शेठ हे बोलत होते. जोडणी कधी बदलली ती वेळ सॉफ्टवेअर आपोआप नोंदवतं, पण ती उघडून बघणार कोण? ते उघडायचा अधिकार सरांचाच. नियोजन प्रमुखाने सांगितलं की झालं.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या दिवशी ते अहिराणीत एक शब्द बोलले नाहीत. "शेठ, इलियास मोबाईल बघून खोदतो, कारण मी त्याला सांगितलं की त्यावर दिसेल तेच खरं. आज तो पाड्यासमोर तो मोबाईल हातात धरून खरं बोलला. आता मी इथून त्याच्या हातातल्या मोबाईलला खोटं बोलायला लावू?"

"मंग नोकरी जाई तुन्ही."

"ती जाऊ द्या. त्याच्यावर ठपका आला, तर पुढे त्याला मशीनवर कोण बसवेल?"

"झिरा ते वापस येवाव नही ना!"

"नाही येणार," सर म्हणाले. "म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी पाहणीला आलेल्या साहेबांपुढे सरांनी कुणी विचारण्याआधी सांगितलं. नकाशा पसरला, झिरा कुठे आहे ते दाखवलं, त्याचं नाव कुणाचं आणि हद्द कुणाची ते समजावलं, आणि चुकीच्या टास्कवर बोट ठेवलं. आवाज शाळेत धडा वाचावा तसा सपाट. साहेबांनी दोनदा विचारलं, "म्हणजे चूक तुमची?" दोन्ही वेळा सर म्हणाले, "माझी." इलियास दाराशी उभा होता.

निंबीपाड्याला टँकर सुरू झाला. सगळी कामं बाजूला सारून त्या पाड्याची टाकी आणि लाइन आधी पुरी करायची, हा चेंज सरांनी टाकला, आणि जोडण्यापूर्वी नकाशा माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "तुम्ही बघा." हद्द मी बोटाने मोजली. मग त्यांनी जोडलं. नळाला पाणी आलं त्या दिवशी ते पाड्यावर गेले नाहीत. मी गेलो होतो. ती म्हातारी नळ उघडून बघत होती आणि पुन्हापुन्हा हात पुसत होती. झिऱ्याची कपार कोरडीच होती.

त्याच आठवड्यात माझ्या मोबाईलवर एक चेंज रिक्वेस्ट आली. पाठवणारे दानियल सर. बदल: नियोजन प्रमुख बदलणे, सध्याचा माणूस कमी करणे. लिंक, मंजुरीआधीच जोडून ठेवलेली: उमरपाडा, चर खोदकाम. खर्चावर परिणाम: शून्य.

मला आधी वाटलं, थट्टा आहे. मग बघितलं, की इंजिनिअरची आणि शेठची मंजुरी आलेली आहे. राहिलो होतो मी एकटा. सरांचं टेबल रिकामं होतं. फक्त चष्मा पुसायचं फडकं खुर्चीवर राहिलं होतं. मी विनंती तशीच ठेवली. तपासल्याशिवाय मी शून्यसुद्धा मंजूर करत नाही, असं स्वतःला सांगत राहिलो.

दोन-तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. मागे कोंबडी ओरडत होती. ते गावी होते. "भाऊ, मन्ही विनंती तुन्हाकडे लटकेल शे. मंजूर करी टाक. लटकेल चेंज माले पाहावत नही, तुले माहीत शे."

पुन्हा अहिराणी ऐकून मला बरं वाटलं. म्हटलं, "सर, हाई शून्य खोटं शे."

"मंग खरा आकडा तू टाक."

मी रकान्याकडे बघत राहिलो. आयुष्यभर आकडेच लिहीत आलो. तिथे काय लिहायचं ते सुचेना.

"भाऊ," ते हसत म्हणाले, "सिंक काय म्हनस?" आणि फोन ठेवला.

मी रकाना कोरा केला आणि मंजूर केलं.

थोड्या वेळाने दारात इलियास. साइटवरून थेट आला होता, बुटांना लाल माती. त्याने मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला. उमरपाडा, चर खोदकाम. काम कधीच संपलेलं. आणि त्याच्यावर, आडवी, ठळक, लाल पट्टी: थांबा, इथे बदल आहे.

"भाऊ," तो म्हणाला, "अब आई."