शितं आणि पावाचा तुकडा

गेल्या रविवारी, माणशी दहा पौंड खर्च धरून, मी लेकीबरोबर निसर्गपूजकांच्या बैठकीला गेलो. हजर नऊ जण. इंग्लंडमध्ये शिकणारी आमची माधवी दर महिन्याला तिथे जाते. ती एखाद्या बुवाच्या नादी लागली असेल, ही मला धास्ती.

बैठक एका हॉटेलच्या माडीवर होती. तिथे मी बुवाच शोधत होतो. पण उंच आसन नाही, फोटो नाही. सगळे ओकच्या पालवीबद्दल बोलत होते.

"बाबा, असं रोखून बघू नका."

"बघायलाच आलोय."

जेवण आलं; त्यांच्या ताटात पाव, माझ्या ताटात भात. प्रत्येकाने पावाचा तुकडा धरित्रीसाठी बाजूला काढला. हे काय खूळ, असं मनात म्हणेपर्यंत माझा हात सवयीने ताटाभोवती पाणी फिरवून भाताची शितं बाहेर मांडत होता. आपण करतो तो रिवाज, दुसरा करतो ते खूळ. एवढाच फरक असेल का?

शेजारच्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी माधवीला हळूच विचारलं, "तुझे वडील कुठल्या पंथात आहेत? त्यांच्याकडून कुणी पैसे तर उकळत नाही ना?"

माधवी हसली. मी जेवणाचे पैसे हॉटेलच्या मालकिणीच्याच हातात दिले. वळून पाहिलं, तर त्या पांढऱ्या केसांच्या बाई माझे पैसे कुणाच्या हातात जातात यावर लक्ष ठेवून उभ्या होत्या.