महाजन सरांची डावी झडप

गेल्या महिन्यात एका सकाळी महाजन सरांचा पुतण्या अरुण बुऱ्हाणपुरातल्या लालबागहून सायकल हाणत माझ्या दारात आला. सायकल तशीच पडू दिली आणि म्हणाला, "गुरुजी, काका गेले. हार्ट बंद पडलं." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "कुठल्या बाजूचं?" ... बोलून गेलो आणि जीभ चावली. पण अरुण त्याच घरात वाढलेला. बाहीनं डोळे पुसत त्यानं सांगितलं, "डाव्या." ज्या माणसानं आयुष्यभर कुणाला नुसतं 'हृदय' म्हणू दिलं नाही, आधी उजवं की डावं ते बोला म्हणून अडवलं, त्याच्या मरणाची बातमीही अशी रीतसर द्यावी लागली. मग आम्ही दोघं ओट्यावर बसून रडलो.

सर बुऱ्हाणपूरच्या आमच्या शाळेत शास्त्र शिकवायचे आणि मी ड्रॉईंग. ओळख झाली तीच भांडणातून. त्यांनी मला फळ्यावर हृदय काढून द्यायला सांगितलं. मी चांगलं सुबक, लालबुंद काढलं. सर फळ्याजवळ आले आणि म्हणाले, "मास्तर, हा पत्त्यातला बदाम झाला. यावर डाव जिंकता येईल, जगता येणार नाही." पुसून दुसरं काढलं, मुठीएवढं, चार कप्प्यांचं, तर म्हणे डावं-उजवं चुकलं. मी म्हटलं, डावं डावीकडेच आहे की! त्यांनी मला खांद्याला धरून समोर उभं केलं. "माझा डावा हात तुमच्या कुठल्या बाजूला येतो? आकृतीतला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, मास्तर." तिसऱ्यांदा काढलं तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. चहा मात्र मलाच पाजावा लागला.

तरी फळ्यावरच्या हृदयावर त्यांचा विश्वास नव्हता. ते मैदानात फक्कीनं चार मोठे कप्पे आखायचे, वर दोन, खाली दोन, आणि वर्गातल्या पोरांना रक्त म्हणून पळवायचे. निंबाच्या झाडाकडून, म्हणजे शरीराकडून, उजव्या वरच्या कप्प्यात, तिथून खाली, तिथून नळाजवळ, म्हणजे फुप्फुसात. नळाशी लांब श्वास घ्यायचा, ताजंतवानं होऊन डाव्या वरच्या कप्प्यात यायचं, मग डाव्या खालच्या, आणि तिथून जोरात धक्का खाऊन पुन्हा निंबाकडे. बहादरपूरच्या एका केळीवाल्याच्या पोरानं एकदा विचारलं, "सर, पाणी फिरून तठेच आलं त केळीले काय भेटलं?" सर असे खूश झाले की त्याला शाबासकी देऊन सगळ्या वर्गाला निंबाला हात लावून, म्हणजे शरीराला प्राणवायू देऊनच, परत फिरायला लावलं. कप्प्यांच्या दारांत एकेक पोरगा झडप म्हणून उभा असे. काम एकच, आलेल्याला पुढे सोडायचं आणि परत येऊ द्यायचं नाही. एका वर्षी डाव्या बाजूच्या मधल्या दारात वसंता होता. तो गुणी पोरगा, पण दोस्तांना नाही म्हणणं त्याला कधी जमलं नाही. दोन-चार दोस्त हळूच मागे सरकले, त्यानं सरकू दिले. सर लांबून ओरडले, "अरे वसंता, झडप गळली! तुझ्या दोस्तीपायी माणूस गेला की!"

मग राज्य नवं झालं, कारभार नागपूरहून भोपाळला गेला आणि त्या धामधुमीत आमची खाजगी शाळा सरकारात विलीन होणार असं ठरलं. प्रत्येक मास्तरानं डॉक्टरी तपासणी करून घ्यायची. धडधाकट तो सरकारी, बाकीच्यांनी घरचा रस्ता धरायचा. सर्व मास्तर खुशीत होते, सर सोडून. त्यांनी मला प्रयोगाच्या खोलीत नेलं, रॉकेलचं नसराळं आपल्या छातीला लावलं आणि त्याची रबरी नळी माझ्या कानात दिली. दोन ठोक्यांच्या मधे फुस्स असा आवाज येत होता. "डावीकडची मधली," ते शांतपणे म्हणाले. "गळते. शाळा गेली तर मी काय करू, मास्तर? मला दुसरं काही येत नाही हो." त्यांचा आवाज असा मी पहिल्यांदाच ऐकला.

तपासणीला डॉक्टर म्हणून आला तोच वसंता, आता शिकूनसवरून मोठा झालेला. मला हायसं वाटलं. मी पडद्याअलीकडे बनियनवर माझ्या पाळीची वाट बघत उभा होतो. पलीकडे सरांच्या छातीला नळी लावून वसंतानं पुष्कळ वेळ ऐकलं आणि म्हणाला, "एकदम बढिया, सर. काही नाही." झालं, म्हटलं, सुटलो. आता शर्ट घालून मुकाट बाहेर यायचं की नाही? पण पडद्यामागून सरांचा वर्गातला आवाज आला. "बढिया? नीट ऐक. दोन ठोक्यांच्या मधे काय आहे?"

"सर, जाऊ द्या ना..."

"कुठली झडप?"

"डावी मधली," वसंता रडवेल्या आवाजात म्हणाला.

"मग बढिया कसं म्हणतोस? लहानपणी याच दारात उभा होतास, अजून दोस्तीच करतोस? लिही."

मी कपाळावर हात मारला. ह्या माणसानं स्वतःच्या पोटावर पाय दिला, कशासाठी, तर विद्यार्थ्याचं उत्तर चुकू नये म्हणून!

वसंतानं खरं ते लिहिलं. फक्त खाली एक ओळ जोडली : जिना चढायचा नसेल तर शिकवायला योग्य. असा शेरा सरकारात कुणी पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे तो नाकारायचा कसा हेही कुणाला ठाऊक नव्हतं. सर कायम झाले. शास्त्राचा वर्ग वरून खाली, माझ्या खोलीत आला आणि बोर्ड, पाट्या घेऊन माझी रवानगी वर झाली. सरांना ह्याचं वाईट वाटे. मी चढायला लागलो की ते जिन्याखाली येऊन उभे राहत, पाऊल ऐकत, आणि मी वर गेलो की विचारत, "पोचलात का, मास्तर?" मी वरून ओरडायचो, "पोचलो हो, सर!" मगच ते वर्गात जायचे.

परवा हेडमास्तरांनी प्रेमानं सांगितलं, "मास्टरजी, अब नीचे आ जाइए, आपका कमरा ख़ाली है." मी नको म्हटलं. माझे गुडघे दुखतात हे खरं, पण ती खोली मला परत नको. रोज चढतो, वर थोडा थांबतो, आणि खालून कुणी विचारलेलं नसतानाही तोंडातून निघून जातं, "पोचलो हो, सर!" पोरं हसतात. हसू देत.