वडूजकडचा डोंगर

“व्हय, काश्मीरच हाय.”

हातातला ब्रश न थांबवता मावशी एवढंच म्हणायची. गिऱ्हाईक खूश होऊन चित्र बांधायला सांगायचं. त्याची पाठ वळली की माझ्याकडं बघून ती हळूच म्हणायची, “त्येनं कुठं बगितलंय काश्मीर? आन् म्या तरी!”

कुपवाडच्या कारखान्यांच्या गर्दीत आमचं एक पत्र्याचं शेड. तिथं भिंतीवर लावायची उजेडाची चित्रं बनतात. तुम्हीही पाहिली असतील, दवाखान्यात नाहीतर हॉटेलच्या गल्ल्यामागं. वीज लावली की अख्खा डोंगर आतून उजळतो. मूळ चित्र मावशी रंगवायची, त्याच्या कापडावर प्रती छापल्या जायच्या आणि मी मागं दिव्यांच्या पट्ट्या बसवायचो.

तो डोंगर वडूजकडचा, तिच्या माहेरच्या शिवारामागचा. पहिल्यांदा तिनं तो होता तसाच काढला होता, उघडाबोडका, पिवळट गवताचा. मालक म्हणाले, “मावशी, हा माळ कोण लावणार भिंतीला? वर जरा बर्फ टाका.” तिनं टाकला. चित्र इतकं चाललं की मालकांना दुसरं काही नकोच झालं. कधी चंद्र यायचा, कधी हरणं यायची, डोंगर तोच. एकदा तिनं सांगलीचा नदीकाठचा घाट रंगवून आणला. मालकांनी तोंडभर कौतुक केलं आणि चित्र कपाटामागं ठेवून दिलं.

“बसवलंच बग मला ह्या डोंगराखाली,” मावशी म्हणाली आणि हसली.

खरं अडकणं घरी होतं. नवरा कारखान्यात पाठीवर पडला, तो अंथरुणातच राहिला. घर शेडमागच्याच गल्लीत. ब्रश पाण्यात बुडवून मावशी मधूनमधून धावत जायची, त्यांना कुशीवर वळवून यायची. मुलगा पुण्याला. माहेरी जाऊन किती वर्षं झाली, हे ती कुणाला सांगत नसे.

एका दिवाळीआधी मी हट्टच धरला. “मावशी, मी बसतो की काकांपाशी. सकाळी जा, सांजच्याला ये.”

तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, भावाच्या नातवंडांना खाऊ घेतला आणि एसटीत बसली. काका शांत होते. मी त्यांना भात भरवला, वळवलं, पाणी पाजलं. ऊन कलायच्या आत मावशी दारात. पिशवी तशीच भरलेली.

“काय गं, एसटी चुकली?”

“न्हाई रं. विट्यापातूर गेले. मग वाटलं, त्यास्नी काय पायजे झालं आन् तुला कळलंच न्हाई तर? उतरले. समोरनं येणाऱ्या गाडीत बसले.”

काका भिंतीकडं तोंड करून पडले होते. तसेच म्हणाले, “जायाचं व्हतंस गं. मलाबी जरा सुटल्यागत वाटलं असतं.”

मावशी आत गेली. तिनं चहा टाकला. खाऊ गल्लीतल्या पोरांत वाटून टाकला.

पुढच्या उन्हाळ्यात काका गेले. आम्हाला वाटलं, आता तरी ती जाईल. स्कूटरवरून नेतो, असंही मी म्हणालो.

“आता कुठल्या तोंडानं जाऊ?” ती म्हणाली. “भाऊ म्हनंल, इतकी वर्सं आली न्हाईस, आन् मोकळी झालीस तशी आलीस व्हय?”

मग मुलगा न्यायला आला. आई इथं एकटी कशी राहील, हे त्याचं म्हणणंही खरंच होतं. तिला विचारलं नाही असं नाही. विचारलं, पण सामान गाडीत भरून झाल्यावर.

मावशी मागच्या सीटवर बसली. एसी लावलेला, म्हणून काचा वर. मी जवळ गेलो तशी ती काहीतरी बोलू लागली. काच खाली कशी घ्यायची ते तिला उमगेना. दारावर सगळीकडं हात फिरवत ती बोलतच राहिली. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

सगळं कळल्यासारखी मी मान हलवली. गाडी निघाली.