पाठीचा धडा

हाताने मणके मोकळे करायच्या प्रशिक्षणात सरांनी एकदा बाजारातल्या एका म्हाताऱ्या हमालाला टेबलावर पालथं झोपवलं. आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने त्याची पाठ चाचपली. कुठला मणका अडकलाय यावर वाद रंगला. माझी पाळी आली तेव्हा तो हळूच म्हणाला, "ताई, पाठ नाही, खांदा दुखतो."

मी सरांना सांगितलं. "आज धडा पाठीचा आहे," ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. इतकी बोटं त्याच्या अंगावर फिरली होती, पण त्याला कुठं दुखतंय हे कुणी विचारलंच नव्हतं.

तास संपला. सदरा घालताना त्याचा उजवा हात वर जाईना. आम्ही वह्यांत मणक्यांची चित्रं काढत बसलो होतो. शेवटी दातांत बाही धरून त्याने कसाबसा सदरा चढवला आणि डाव्या हाताने आम्हाला नमस्कार करून तो गेला.