पट्ट्यावरचं विमान

एकाहत्तर वर्षं झाली मला, आणि ही गोष्ट अजून एकदाही माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोला सांगितली नाही — ती गेली, आता सांगायची सोयही उरली नाही. मुलगा परदेशात, त्याला असलं काही फोनवर कसं सांगणार? तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभच रेटत नाही. आता बघा, सुरुवातीलाच भ्याडपणा निघाला.

मी फिजिक्सचा मास्तर. घर नारायणगुड्यात, नोकरी दिलसुखनगरला. तिथल्या एका कोचिंग क्लासात सव्वीस वर्षं शिकवलं. आमच्या घरातले सगळे पिढ्यान्‌पिढ्या सरकारी कचेऱ्यांत, मी एकटाच खडू हातात घेतलेला. घरात बोलायचं मराठीच, पण दर दोन वाक्यांमागे एक ‘परेशान’ आणि एक ‘नक्को’ असणारी आमची हैदराबादी मराठी. वर्गात मात्र इंग्रजी. आणि स्वभाव — तो तिखटच. खडू फेकून मारायचो. कुणी चुकीचं उत्तर दिलं की भर वर्गात ‘ए हौले’ म्हणायचो, म्हणजे मूर्खा. पोरं हसायची, ज्याला म्हटलं तोही कसनुसा हसायचा. ‘देगलूरकर सार कधी चुकत नाही’ असं तेलुगू पोरं एकमेकांना सांगायची. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. आवडायचं हो मला. खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे रीत अशी होती, की दर सोमवारी चाचणी आणि चाचणीच्या मार्कांवर बॅच. वरचे साठ माझ्याकडे, पहिल्या मजल्यावर. साठाच्या खाली गेला की गच्चीवरच्या पत्र्याखाली. तिथं शिकवायला कुणीही असायचं, कधी कधी कुणीच नसायचं. पोरं त्या पत्र्याला जेवढी घाबरायची तेवढी बोर्डाच्या परीक्षेलाही घाबरत नसतील.

रोहिणी पत्की माझ्या पहिल्या साठांत होती. सतरा वर्षांची. काचीगुड्याची, वडील कोर्टात कारकून. क्लास सुटल्यावर जिन्यात माझ्याशी मराठीत बोलायची — ‘सर, घरी जाताय?’ एवढंच असायचं बहुतेक. पण एकदा तिनं मला एक वही दाखवली. घराच्या गच्चीवरून विमानं बघायची ती, आणि वारा कुठल्या बाजूनं आहे ते वाळत घातलेल्या कपड्यांवरून ठरवून, विमानं त्या दिवशी कुठून उतरतात ते लिहून ठेवायची. वारा फिरला की उतरायची बाजूही फिरते, विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊनच उतरतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं बघून शोधलं होतं. मोठी होऊन विमानं बनवायची एवढंच तिचं ठरलेलं. मी म्हटलं, ‘वा गं पोरी!’ हे मी खरंच म्हटलं होतं. तेवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवतो — की नको? पुढचं ऐकल्यावर त्याला काय अर्थ राहतो?

एका शुक्रवारी मी वर्गात तेच शिकवत होतो. वारा समोरून असला तर विमान कमी धावपट्टीत उठतं, पाठीमागून असला तर जास्त लागते. का? कारण पंखांना जमिनीशी काही घेणंदेणं नाही. पंखांवरून हवा किती वेगानं जाते एवढंच पंखांना कळतं. जहाजावरून विमान उडवताना जहाज वाऱ्याच्या तोंडावर भरधाव सोडतात, तेही त्याचसाठी. फर्मास जमला होता तास. आणि शेवटी मी माझा हुकमाचा प्रश्न टाकला. छापील नोट्समध्ये दर वर्षी असायचा तो. समजा धावपट्टीऐवजी एक लांबलचक सरकता पट्टा आहे. विमान जेवढ्या वेगानं पुढे जायला बघतं, तेवढ्याच वेगानं पट्टा मागे पळतो. विमान उडेल का?

उत्तर माझ्या नोट्समध्ये छापलेलं: उडणार नाही. जिममधल्या पट्ट्यावर धावणारा माणूस जागच्या जागी राहतो, तसं विमानही राहील. पुढे सरकणार नाही, मग पंखांवरून हवा कुठून जाणार?

रोहिणीनं हात वर केला. म्हणाली, उडेल. का, तर माणूस पायानं जमीन मागे ढकलतो, मोटारीचं चाकही जमिनीलाच ढकलतं. पण विमानाचं इंजिन हवेला ढकलतं. विमानाची चाकं तर नुसती सुटी फिरतात, पट्टा मागे पळाला तर ती दुप्पट फिरतील एवढंच. विमान पुढे जाणारच. आणि मग, माझंच वाक्य मला परत दिलं तिनं. सर, आत्ताच तुम्ही म्हणालात ना, पंखांना जमिनीशी काही घेणंदेणं नाही?

साठ जणं माझ्या तोंडाकडे बघत होती.

मला त्या क्षणी कळलं का? अर्धवट कळलं. पण तोंडातून आलं ते असं — ‘आधी जमिनीवर नीट चालायला शिका, पायलट. मग उडा.’ वर्ग फुटला हसून. मागच्या बाकावरून कुणीतरी विमानाचा आवाज काढला. मी थांबवलं नाही. उलट आणखी दोनदा ‘पायलट’ म्हटलं.

रविवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलाशी बसलो. मुलाची जुनी खेळण्यातली मोटार माळ्यावरून काढली, पुढे दोरा बांधला. एका हातानं दोरा पुढे ओढायचा, दुसऱ्या हातानं टेबलावरचं मेणकापड मागे ओढायचं. दोऱ्याची ओढ म्हणजे इंजिनाची ओढ, कापड म्हणजे पट्टा. हळू ओढून बघितलं, जोरात ओढून बघितलं. मोटार दर वेळी दोऱ्याबरोबर निमूट पुढे आली. चाकं तेवढी गरागरा फिरली. पाच-सहा वेळा केलं असेल मी. दर वेळी वाटायचं, आता तरी थांबेल.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘अहो, कापड कशाला ओढताय?’ मी म्हटलं, ‘डाग पडलाय.’

तेव्हा ऐका — मला माहीत होतं. ‘नंतर लक्षात आलं’ वगैरे नाही. रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला मला पक्कं माहीत झालं, की सतरा वर्षांची पोर बरोबर आणि मी चूक. सोमवारच्या चाचणीत तो प्रश्न होता, उत्तरं तपासायची यादी माझ्याच पिशवीत होती. लाल पेनानं तेवढं उत्तर बदलायचं, आणि वर्गात उभं राहून म्हणायचं, पोरांनो, मी चुकलो. जड होतं का ते? काहीच जड नव्हतं. पोरांनी दोन दिवस चघळलं असतं आणि विसरली असती. पण मला वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

चाचणीत रोहिणीनं पुन्हा लिहिलं, उडेल. मी चूक दिली. चुकीला मार्क कापायची आमची पद्धत, त्या एका प्रश्नानं ती साठाच्या खाली गेली. पत्र्याखाली.

मंगळवारी ती स्टाफरूममध्ये आली. हातात एक कागद. विमान, पट्टा, बाण, सगळं काढलेलं, आणि खाली सुवाच्य अक्षरात समीकरणं. माझ्या मोटारीनं जे दाखवलं तेच तिच्या कागदावर होतं, माझ्यापेक्षा नीटनेटकं. दोन-तीन मास्तर बसले होते. मी कागद बघितल्यासारखा केला आणि परत दिला. म्हटलं, ‘हट्टीपणा हा फिजिक्सचा शत्रू आहे बेटा.’ बेटा म्हटलं मी तिला! ती ‘बरं सर’ म्हणाली आणि गेली. उर्मट नव्हती हो ती, चांगल्या घरची पोर. उर्मट असती तर मला सोपं गेलं असतं.

इथं थांबलो असतो तर ती नुसती भित्र्या माणसाची गोष्ट झाली असती. पण मी पुढच्या सोमवारी तोच प्रश्न मुद्दाम पुन्हा घातला. का? ती काय लिहिते ते मला बघायचं होतं. ती पुन्हा ‘उडेल’ म्हणाली असती तर मी काय केलं असतं, ते आजही ठाऊक नाही. कदाचित हरलो असतो. कदाचित मला हरायचंही असेल — नक्को, हे आता मी स्वतःला गोंजारतोय, सोडा.

तिनं लिहिलं, ‘उडणार नाही.’ खाली कारण दिलं होतं, माझ्या नोट्समधलं, शब्द न् शब्द. माणूस पट्ट्यावर धावतो तसं. मी बरोबरची खूण केली. आणि शेजारी लिहिलं, ‘शाब्बास’.

ती पहिल्या मजल्यावर परत आली. शेवटच्या बाकावर बसायची. पुढे सात महिने माझ्या वर्गात होती, त्या सात महिन्यांत तिनं एकदाही हात वर केला नाही. ती वही पुन्हा कधी दिसली नाही. मीही विचारलं नाही. पुढच्या वर्षी मी नोट्समधून तो प्रश्न काढून टाकला. का काढला, म्हणून एका मास्तरनं विचारलं, तर म्हणालो, जुना झाला.

वीस वर्षं गेली. पायलट हा शब्द कुठं कानावर पडला की मी उठून पाणी प्यायला जायचो, एवढंच काय ते प्रायश्चित्त. आणि मनाची समजूत — हुशार होती, कुठंतरी विमानं बनवत असेल. असल्या पोरी कुठं थांबतात?

गेल्या महिन्यात हिमायतनगरला चष्म्याच्या दुकानात बसलो होतो. नंबर बदललाय, काच बसवून देत होते. एक बाई आल्या, माझ्याकडे बघितलं, आणि भर दुकानात वाकून पाया पडल्या. ‘सर, ओळखलं नाहीत? मी रोहिणी.’ बरोबर मुलगी, अकरा वर्षांची, अन्वी नाव. रोहिणी शाळेत फिजिक्स शिकवते. बी.एस्सी. केलं, मग बी.एड. मी विचारलं, विमानं? तर हसली. म्हणाली, ‘ती लाईन आपली नव्हतीच सर. तुम्ही वेळेवर सांगितलंत. मी फार हट्टी होते तेव्हा. पुढे पटलं मला सगळं.’

पुढे पटलं तिला. म्हणजे मार्कांसाठी लिहिलेलं खोटं उत्तर तिनं नंतर खरंच मानून टाकलं. ते बरोबर ठरवायला स्वतःला किती मोडून घेतलं असेल तिनं?

आणि मग ती लेकीला म्हणाली, ‘अगं, हेच ते सर. विचार आता यांनाच तुझं ते विमानाचं.’ मला म्हणाली, ‘कुठल्याशा व्हिडिओत बघून आलीय सर. मी सांगून सांगून थकले. आठवडाभर वाद चाललाय घरात.’

पोरगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, ‘आजोबा, प्लेन तर एअरला पुश करतं ना? रोडला नाही. व्हील्स तर फ्रीच असतात. मग बेल्ट कितीबी मागे जाऊ दे, ते उडणारच ना?’

तेच शब्द, फक्त इंग्रजी जास्त. मी रोहिणीकडे बघितलं. ती हसत होती, निर्धास्त. सर आहेत, आता निकाल लागेल, असं. माझी नोकरी नव्हती, वर्ग नव्हता, बॅच नव्हती, हसायला साठ जणं नव्हती. एक काउंटरवरचा माणूस आणि आम्ही तिघं. माझं जाणार काय होतं? एक पाया पडणारी विद्यार्थिनी, फार तर.

मी म्हणालो, ‘नाही बाळा, उडणार नाही. आई सांगते ते बरोबर आहे.’

‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ रोहिणी म्हणाली. पोरीनं माझ्याकडे बघितलं. मग ‘ओके’ म्हणाली आणि जाऊन काचेच्या कपाटातल्या फ्रेमा बघायला लागली.

रोहिणीनं नंबर दिलाय. माझ्या फोनमध्ये आहे, तिच्या नावानं. महिना झाला. मी फोन केलेला नाही, आणि करणारही नाही. मी स्वतःला चांगला ओळखतो.

अन्वीचं बरोबर होतं. तिच्या आईचंही होतं.