मेमरीतल्या पत्रिका

धुळ्यात संगणकावर पत्रिका काढून देणारा पहिला माणूस भाईदास. ब्याण्णव साली त्यानं बसस्टँडजवळ दुकान टाकलं, तेव्हा लोक नुसता पडदा बघायला यायचे. मग वर्षभरानं समोरच वना नावाच्या पोरानं तसंच दुकान उघडलं आणि भाईदासची झोप उडाली.

वनाकडे चहा येईपर्यंत पत्रिका हातात पडायची. भाईदासचं यंत्र एकेका ग्रहासाठी घरघर करत फ्लॉपी चाळत बसायचं. गिऱ्हाइकं कंटाळून रस्ता ओलांडायची. त्यात बायको कुंदाबाई म्हणाली, "काही म्हणा, वनाचं काम झटपट असतं." त्या दिवशी भाईदास जेवला नाही.

शेवटी प्रिंटरची रिबन मागायच्या निमित्तानं तो वनाकडे गेला. पत्रिका निघत होती, पण फ्लॉपीचा दिवा लागतच नव्हता.

"तुझी फ्लॉपी फिरत कशी नाही रे?"

वनानं काही लपवलं नाही. "सकाळी ग्रहांचे तक्ते एकदा मेमरीत चढवतो, भाऊ. दिवसभर तिथूनच वाचायचे. फक्त लाइट गेली की मेमरी कोरी होते, म्हणून..."

पुढचं ऐकायला भाईदास थांबला नाही. एवढी साधी गोष्ट याला सुचली आणि आपल्याला नाही, या विचारानं त्याचं अंग जळत होतं. वनाच्या पुढे जायचं म्हणून त्यानं तक्त्यांबरोबर गिऱ्हाइकांची माहितीही मेमरीतच ठेवली. यंत्र पळायला लागलं. तयार पत्रिका तो मुद्दाम दारात येऊन द्यायचा, वनाला दिसेल अशी.

मग पिंपळनेरच्या झुंबरबाई आल्या. मुलीची पत्रिका, आणि तिला सांगून आलेल्या सगळ्या मुलांच्या, असं जुळवायचं होतं. भाईदासनं बसून सगळ्यांची माहिती भरली. छापायला घेणार, तोच लाइट गेली. परत आली तेव्हा मेमरीत काहीच उरलं नव्हतं.

"बठ्ठं गयं का भाऊ?"

"गेलं, अक्का."

"मनी गाडीना टाइम व्हयना ना!"

गाडीची वेळ जवळ आली होती, म्हणून भाईदास मान खाली घालून त्यांना वनाकडे घेऊन गेला. वनाचेही तक्ते पुसले गेले होते, पण ते त्यानं फ्लॉपीवरून लगेच पुन्हा चढवले. गिऱ्हाइकांची माहिती तो फ्लॉपीवरच ठेवत असे. भाईदासनं मुलांची माहिती वाचून दाखवली, वनानं ती भराभर भरली आणि झुंबरबाईंना गाडी मिळाली. वना भाईदासला लागेल असा एक शब्दही बोलला नाही, उलट चहा मागवला. त्यानं टोमणा मारला असता तर भांडता तरी आलं असतं.

पुढे भाईदासही तसंच करू लागला. वेग सारखा झाला, जळफळाट मात्र गेला नाही. लग्नसराईत झुंबरबाईंची बहीण त्याच्याच पायरीवर उभी राहून विचारत होती, "वनाभाऊनं दुकान कोठे शे?"

भाईदासनं समोर बोट दाखवलं. मग ती आत किती वेळ बसते, ते बघत तो दारातच उभा राहिला.